भाड्याची लिंबं

तेवीस लिंबं आहेत माझ्याकडे, मेणाची.
गेल्या आठवड्यात ती नदीकाठच्या एका फ्लॅटमध्ये होती,
आज फॉल रिव्हरच्या चढावर,
उर्बानो मेदेइरोसच्या ओट्यावर.
वाडगं खिडकीशी ठेवलं की गिऱ्हाईक तिथे थांबतं.
का थांबतं, ते मला विचारू नका.
मी घर मांडते, आणि दिवसांवर भाडं घेते.

म्हातारा दारात उभा, टोपी हातात,
जणू मीच घरमालकीण.
सांगितलं त्याला: फोटो काढा. सगळे.
बेटावरचं चर्च काढा, काचेतली देवमाता काढा,
मुलाचा गणवेशातला, मुलीचा पांढऱ्या झग्यातला.
येणाऱ्याला आपली माणसं टांगायला
मोकळी भिंत लागते.
त्याने एकेक खिळा उपटला, खिशात टाकला.
मग दिवसभर चालताना वाजत राहिला.

बैठकीत हिरवा मखमली सोफा, वर जाड प्लास्टिक.
"एक्क्याऐंशी साली घेतला."
"बसलं कोण कोण यावर?"
त्याने आठवून पाहिलं.
पाद्री, दोनदा. विम्याचा माणूस.
इल्दाचा भाऊ आला होता, पण तो उभाच राहिला.

वरच्या स्वयंपाकघरात शेगडीवर एक ओघळ नाही.
ओव्हनमध्ये अजून कंपनीचं माहितीपुस्तक,
दोरासुद्धा न सुटलेलं.
मग त्याने तळघराचा दिवा लावला.

घर खाली होतं.
दुसरी शेगडी, काळी. लसणाच्या माळा.
परसातल्या द्राक्षांच्या वाइनचं पिंप.
कोपरांनी गुळगुळीत झालेलं टेबल,
सहा खुर्च्या, सहाही वेगळ्या.
चाळीस वर्षं ही माणसं खाली जेवली, खाली भांडली,
खालीच पोरांचे पाढे घेतले,
आणि वरचं घर इल्दा रोज पुसत राहिली
कुणी पाहायला येईल म्हणून.

मी हे पैसे भरून शिकले. प्रमाणपत्र आहे.

प्लास्टिकला कात्री लावणार, तोच तो म्हणाला,
"मागे चेन आहे."
एवढंच.
तळघरात पांढरा रंग मारून घेतला,
पिंप हलवलं, निळी चटई अंथरली:
व्यायामाची खोली.
वर पातेल्यात व्हॅनिला उकळत ठेवला.
तरी जिन्यातून लसूण आलाच, पाहुण्यांच्या आधी.

रविवारी बर्फ, तरी दारात अठरा जोड बूट.
बॉस्टनची एक मुलगी मखमलीवर तळवा फिरवत म्हणाली,
"किती जपलाय हो!"
नवऱ्याने लिंबांचंही विचारलं.
ती माझी आहेत, मी म्हटलं.
संध्याकाळी त्यांचा आकडा आला:
मागितल्यापेक्षा एकवीस हजार जास्त,
सोफा घरातच राहील या अटीवर.

उर्बानोने कागद लांब धरून वाचला.
"यातले सोफ्याचे किती?"
एजंट मोठ्याने हसला.
मी हिशेब करू लागले, आणि जमेना.
मी मांडलं त्याचे किती,
तिने जपलं त्याचे किती,
आणि नुसत्या त्या रविवारचे किती,
जेव्हा बाहेर गोठत होतं
आणि आत कुणीतरी हीटर लावून ठेवला होता?
माझं बिल मात्र मला पाठ आहे.

शेवटच्या दिवशी सामान न्यायला गेले.
बसा की आता तरी, मी त्याला म्हटलं.
"आता तो त्यांचा," तो म्हणाला.
प्लास्टिकची त्याने चौकोनी घडी घातली,
टोकाला टोक जुळवून, चादरीची घालतात तशी,
आणि काखेत मारून निघाला,
मुलीकडे, प्रॉव्हिडन्सला.
पायऱ्यांवरून खिळे वाजत गेले.

मी लिंबं मोजली. तेवीस.
एकावर नखाची खूण होती, खोल;
कुणीतरी खात्री करून घेतली होती.
ते लिंबू आता मी वाडग्यात तळाशी घालते.